खिशातला उजेड

खेड्यात जिला आपण बॅटरी म्हणतो, शहरात जिला टॉर्च म्हणतात आणि पुस्तकांत जिला विजेरी असे नाव आहे, त्या एका लहानशा वस्तूविषयी, मुलांनो, आज तुम्हांला थोडे सांगावयाचे आहे. खरे पाहता बॅटरी हे नाव आतल्या सेलांचे. परंतु लोकांनी आतल्या मालाचे नाव बाहेरच्या नळीला देऊन टाकले, आणि भाषेच्या व्यवहारात शेवटी लोकांचेच म्हणणे चालते. तेव्हा या पाठात मीही तिला कधी विजेरी म्हणेन, कधी बॅटरी.

माझे बालपण रत्नागिरी जिल्ह्यातील एका डोंगरउताराच्या गावी गेले. गावात तेव्हा वीज आलेली नव्हती. दिवेलागणीनंतर घराबाहेर पडावयाचे झाल्यास हाती चूड घ्यावी लागे. चूड म्हणजे नारळीच्या वाळलेल्या झावळ्या घट्ट बांधून केलेली मशाल. चालताना हात सारखा हलवीत राहावे लागे. हात हलता राहिला की चूड फुले आणि हात थांबला की ती मंदावे. पावसाळ्यात अर्थातच तिचा काही उपयोग नसे. मग कंदील निघे. कंदिलाचा उजेड चोहोंकडे सारखा पडतो, म्हणजे वाटेवर जेवढा पडतो तेवढाच तो धरणाराच्या डोळ्यांवरही पडतो. काच काजळलेली असली तर विचारूच नका. कंदील घेऊन चालणाऱ्या माणसास आपण लांबून ओळखतो. परंतु त्याला स्वतःला फारसे काही दिसत नाही.

अशा त्या घरात एके वर्षी एक बॅटरी आली. माझे थोरले काका मुंबईस गिरणीत कामाला होते. गणपतीला गावी येताना त्यांनी ती आणली होती. तीन सेलांची, पितळी नळीची, हातभर नव्हे तरी वीतभराहून बरीच लांब अशी ती वस्तू आम्हां मुलांना मोठी नवलाची वाटली. पहिल्या रात्री काकांनी तिचा झोत समोरच्या माडाच्या शेंड्यावर टाकून दाखविला. माडावरचे वटवाघूळ फडफडत उडाले आणि आम्ही टाळ्या पिटल्या. त्यानंतर मात्र तिला एका फडक्यात गुंडाळून माजघराच्या कोनाड्यात ठेवण्यात आले. सेल महाग होते आणि तालुक्याच्या गावाशिवाय मिळत नसत. ती जपून वापरावयाची, अडीअडचणीला काढावयाची, असा घरातला दंडकच पडून गेला.

१९७१ च्या आषाढातली गोष्ट. गिरणीतली नोकरी सोडून काका तेव्हा गावीच राहू लागले होते. देवळात भजन होते. देऊळ आमच्या घरापासून दोनशे पावलांवर. मध्ये जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी, आणि तिच्या दोन्ही अंगांना गडगे. काका निघाले तेव्हा आजी म्हणाली, “अरे, बॅटरी तरी घेऊन जा.” काका म्हणाले, “अगं आई, रोजची वाट आहे. उगाच सेल कशाला जाळायचे?” आणि ते तसेच गेले. भजन आटोपून परत येताना गडग्याच्या कडेला त्यांचा पाय फुरशावर पडला. घरी येऊन त्यांनी घोट्याजवळचे दोन ठिपके दाखविले, तेव्हाही त्यांचा आवाज शांत होता. गावात जे उपाय माहीत होते ते सर्व करण्यात रात्र गेली. पहाटे त्यांना डोलीतून डांबरी रस्त्यापर्यंत नेले. हिरड्यांतून रक्त येऊ लागले होते. तिसऱ्या दिवशी काका गेले. बॅटरी त्या सर्व काळात कोनाड्यातच होती. तिच्यातले सेल नवे होते.

फुरसे हा साप दिसण्यात मुळीच भयंकर नाही. त्याची लांबी बहुधा फूट-दीड फूट असते, आणि अंगाचा रंग तांबूस तपकिरी. आमच्याकडील जांभ्याच्या मातीत तो असा काही मिसळून जातो की दिवसादेखील नजर घसरते. त्याला डिवचले म्हणजे तो आठाच्या आकड्यासारखी वेटोळी घालून अंगाच्या बाजूचे खवले एकमेकांवर घासतो आणि करवतीने लाकूड कापावे तसा खरखर आवाज काढतो. तो बहुतेक रात्रीच हिंडतो. आपल्या देशात ज्या चार सापांच्या दंशाने सर्वांत अधिक माणसे दगावतात असे सामान्यतः सांगितले जाते, त्यांत नाग, मण्यार आणि घोणस यांच्या जोडीला हे टीचभर फुरसे बसते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख लोक मरण पावले असावेत, असा एका मोठ्या पाहणीचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. त्यांतील बहुतेक खेड्यापाड्यांतले, आणि सुमारे निम्मे मृत्यू पावसाळ्याच्या महिन्यांतले. आज ग्रामीण रुग्णालयांत या चारही सापांच्या विषावर चालणारी प्रतिविषाची लस मिळते. दंश झालेल्या माणसाला धीर द्यावा, तो अवयव हलू देऊ नये, जखम कापू नये, चोखू नये, वर दोरी आवळू नये आणि क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेच असेल. पण दंश झाल्यानंतरची ही गोष्ट झाली. मला बोलावयाचे आहे ते त्याच्या आधीच्या दोनशे पावलांविषयी.

“सेल कशाला जाळायचे?” काकांच्या या प्रश्नाचा मी पुष्कळ वर्षे विचार केला आहे. तो कंजूषपणाचा प्रश्न होता असे मला वाटत नाही. त्या काळच्या विजेरीचा गुणच तसा होता.

विजेरीचा जन्म अमेरिकेतला. डेव्हिड मायसेल नावाच्या संशोधकाला १० जानेवारी १८९९ या दिवशी न्यू यॉर्कमध्ये तिचे पेटंट मिळाले, आणि ते कॉनरॅड ह्यूबर्ट या उद्योजकाच्या कंपनीच्या मालकीचे झाले. कागदी नळी, तिच्यात कोरडे सेल, पुढच्या टोकाला दिवा आणि त्याच्यामागे पितळेचा परावर्तक, असे तिचे पहिले रूप होते. काही नळ्या न्यू यॉर्कच्या पोलिसांना वापरून पाहण्यासाठी दिल्या गेल्या आणि त्यांना त्या पसंत पडल्या. मात्र त्या वेळचे सेल इतके दुबळे आणि दिव्यातील कोळशाची तार इतकी खादाड होती की उजेड सलग टिकत नसे. कळ दाबावी, क्षणभर चमक पाडावी आणि सोडून द्यावी. अमेरिकेत तिला आजही जे नाव आहे त्याचा अर्थ चमकणारा दिवा असाच आहे. पुढे कोळशाच्या जागी टंगस्टन धातूची तार आली, सेलही सुधारले आणि विजेरी जगभर पसरली. पण तिचा मूळ दोष गेला नाही. तार तापून पांढरी होते तेव्हा ती उजेड देते; आणि या तापण्यातच जवळजवळ सगळी वीज खर्ची पडते. शंभर भाग विजेतील पाच भागांच्या आसपास उजेड, बाकी सगळी उष्णता! चूल पेटवून तिच्या उजेडात पुस्तक वाचण्यासारखा हा प्रकार होता. म्हणून तीन-तीन जाडे सेल लागत, म्हणून नळी लांब, म्हणून ती खिशात मावत नसे, आणि म्हणूनच ती कोनाड्यात राहत असे.

ही अडचण दूर झाली ती अलीकडे. काही अर्धवाहक पदार्थांतून वीज जाऊ दिली असता ते तापण्याऐवजी थेट प्रकाश देतात. अशा घटकाला आपण एलईडी म्हणतो. लाल रंगाची एलईडी अमेरिकेत निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये तयार केली. परंतु लाल उजेडाने घर उजळत नाही. पांढरा उजेड मिळवावयाचा तर निळी एलईडी हवी होती, आणि ती काही केल्या साधेना. ते काम इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांच्या चिकाटीने तडीस गेले. २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक त्यांना त्याबद्दलच मिळाले. निळ्या एलईडीवर पिवळी झाक देणाऱ्या भुकटीचा लेप दिला की दोन्ही रंग मिसळून पांढरा उजेड होतो. तुमच्या घरातला दिवा बंद असताना त्यातली एलईडी कधी पाहिलीत, तर तो पिवळा ठिपका तुम्हांला दिसेल.

याचा परिणाम काय झाला तो पाहा. भिंतीवरच्या घड्याळात जो बोटाएवढा सेल असतो, तसा एकच सेल घालून आज करंगळीहून थोडी लांब आणि अंगठ्याएवढी जाड विजेरी मिळते. त्या सेलाचा दाब दीड व्होल्टच असतो आणि पांढऱ्या एलईडीला सुमारे तीन व्होल्ट लागतात. पण आत बसविलेले एक चिमुकले मंडल तो दाब वाढवून देते. मंद उजेडावर ती एका चांगल्या सेलावर वीस तासांच्या आसपास चालते. रोज दहा मिनिटे लागली तर महिनोन्‌महिने सेल बदलावयास नको. काकांच्या प्रश्नाला हे उत्तर मिळाले खरे, पण फार उशिरा मिळाले.

आता उजेड किती असावा? दुकानात गेलात तर दुकानदार तुम्हांला मोठमोठे आकडे सांगेल. उजेड लुमेन या एककात मोजतात. एक मेणबत्ती सर्व बाजूंना मिळून सुमारे बारा लुमेन उजेड देते. हजार लुमेनची विजेरी म्हटले की ऐकणारा दिपून जातो. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, एवढीशी नळी हजार लुमेन देऊ लागली की ती तापते, आणि थोड्याच मिनिटांत तिला आपला उजेड आपणच कमी करावा लागतो. दुसरी गोष्ट गणिताची आहे. उजेड जसजसा पुढे जातो तसतसा पसरतो. अंतर दुप्पट झाले की त्याचा प्रखरपणा चौथाई होतो. अंतर तिप्पट झाले की नवव्या हिश्शावर येतो. म्हणून, झोत सारखाच रुंद धरला, तर शंभरपट उजेडाची विजेरी घेतली तरी तिचा झोत शंभरपट लांब जात नाही. तो दहापटच लांब जातो. आणि इतके करून तो जातो कुठे? माडाच्या शेंड्यावर! फुरसे माडावर नसते. “दिव्याखाली अंधार” ही म्हण आपण समईवरून करून ठेवली आहे. परंतु लांब पल्ल्याचा अरुंद झोत समोर रोखून चालणाऱ्याच्या पायांखाली जो अंधार असतो, तो समईखालच्या अंधाराहून कमी नसतो.

पायवाटेने चालणाऱ्याला पाच-सहा पावलांपुढचे स्पष्ट दिसले म्हणजे पुरे. त्यासाठी दोन-तीन मेणबत्त्यांइतका उजेड एका दिशेने पडला तरी भागते. मात्र तो पसरट हवा आणि खालून हवा. विजेरी कमरेच्या खाली धरून चाला, म्हणजे उजेड जमिनीला तिरका लागतो. दगड, खळगा, आडवी पडलेली काटकी, जे जे जमिनीच्या वर आहे त्याची लांब सावली पडते, आणि रंगाने मातीत मिसळून गेलेली वस्तूदेखील आपल्या सावलीने उघडी पडते. हाच उजेड डोळ्यांजवळ, कपाळावर बांधला तर सावल्या वस्तूंच्या मागे लपतात आणि जमीन सपाट भासते. कपाळावरचा दिवा हातांनी काम करणाराला सोयीचा. वाट चालणाराने हातातला दिवा खाली धरावा. हे मला कोणी शिकविले नाही. सायंकाळी उन्हे तिरपी झाली की शाळेच्या मैदानावरची खडी अन् खडी वेगळी दिसे, त्यावरून ते सुचले.

आणखी एक गोष्ट आपल्या डोळ्यांची. अंधारात गेल्यावर डोळे हळूहळू सरावतात. पुरते सरावावयास वीस ते तीस मिनिटे लागतात. एवढ्या वेळाने मिळविलेली ही शक्ती एका लखलखीत झोताने क्षणात नाहीशी होते, आणि झोत विझला की पूर्वीपेक्षा दाट अंधार वाटतो. म्हणून विजेरी अशी पाहून घ्यावी की कळ दाबताच प्रथम मंद उजेड लागेल आणि गरज पडली तरच तो वाढविता येईल. समोरून कोणी येत असल्यास झोत जमिनीकडे वळवावा. आमच्या गावी म्हातारी माणसे याला रीत म्हणत. ज्याच्या तोंडावर आपण झोत टाकतो, तो पुढली काही पावले आंधळ्यासारखा चालतो.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, “गुरुजी, हल्ली प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे आणि त्यात दिवा आहे, मग आणखी ओझे कशाला?” प्रश्न रास्त आहे, आणि मोबाइलचा दिवा नसण्यापेक्षा असलेला केव्हाही बरा. पण तो पावसात धरवत नाही, निसरड्यावर हातातून पडला तर भीती वाटते, आणि नेमक्या वेळी त्याची वीज संपलेली असते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कित्येक उपनगरांत वीज गेली आणि हजारो माणसे कमरेएवढ्या पाण्यातून अंधारात पायी घरी निघाली. पाण्याखाली गटाराचे झाकण आहे की नाही, हेही कोणाला कळत नव्हते. अशा वेळी मोबाइलचे खरे काम मदतीसाठी हाक घालण्याचे असते. त्याची वीज वाट पाहण्यात खर्चावी हे शहाणपणाचे नाही. विजेरी घेताना तीवर पाण्याविषयीची खूण पाहावी. आयपीएक्स ७ अशी खूण असेल तर ती एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकावी अशी अपेक्षा असते.

निगा फारशी लागत नाही, पण लागते ती चुकवू नये. सेल जुना झाला की त्याचे कवच आतून खाल्ले जाते आणि क्षाराचे पाणी बाहेर येऊन नळी कायमची जाम होते. तेव्हा जी विजेरी वापरात नाही तिच्यातील सेल काढून ठेवावा. रोज खिशात बाळगतो त्या विजेरीला हा रोग सहसा होत नाही, कारण तिच्याकडे आपले लक्ष असते. कळ खिशात चुकून दाबली जाऊ नये म्हणून पुष्कळ विजेऱ्यांत मागचे झाकण पाव फेरा सैल करून ठेवण्याची सोय असते. पुन्हा भारता येणारे लिथियमचे सेल फार शक्तिमान असतात. परंतु असा सुटा सेल किल्ल्यांबरोबर किंवा नाण्यांबरोबर खिशात टाकू नये. धातूने त्याची दोन टोके जुळली तर तो पेट घेऊ शकतो. मी स्वतः साधा बोटाएवढा सेलच पसंत करतो. तो कोणत्याही वाण्याच्या दुकानात मिळतो.

माझी विजेरी सदऱ्याच्या खिशात असते. नोकरीत असताना खडूच्या तुकड्यांशेजारी असे, आता चष्म्याच्या घराशेजारी असते. शाळेत पुष्कळदा सहकारी हसत. भरदुपारी मुख्याध्यापकांच्या खिशात बॅटरी! मी त्यांना काही सांगत नसे. दुपारी घरून निघालेल्या माणसाला परतावयास रात्र होणार हे दुपारी ठाऊक असतेच असे नाही.

गावच्या घरात तो कोनाडा अजून आहे, आणि काकांची पितळी बॅटरीही त्यात आहे. सेल केव्हाच काढून टाकले. यंदा ज्येष्ठाच्या शेवटच्या आठवड्यात मी गावी गेलो होतो. गावात आता वीज आहे, पाखाडीच्या तोंडाशी खांबावर दिवाही आहे. पण त्या दिवशी सायंकाळपासून पाऊस लागला होता आणि वीज गेली होती. देवळातून परत येत होतो. बरोबर नातू होता. विजेरी माझ्या हातात, गुडघ्याच्या उंचीवर. चौथ्या का पाचव्या पायरीवर एक बारीक सावली मला वेडीवाकडी दिसली. मी नातवाचा दंड धरला आणि थांबलो. सावलीने वेटोळे घातले, आणि पावसाच्या आवाजातूनही ती खरखर ऐकू आली.

“आजोबा, ते काय आहे?” त्याने हळूच विचारले.

“फुरसे,” मी म्हणालो. “त्याला जाऊ दे.”

आम्ही चार पावलांवर उभे राहिलो. उजेड मी हलू दिला नाही. थोड्या वेळाने ते वेटोळे सुटले आणि पायरीच्या कडेने सरकत गडग्याच्या दगडांत दिसेनासे झाले. नातू म्हणाला, “आजोबा, बॅटरी मी धरू?” मी ती त्याच्या हाती दिली. त्याने ती आधी उंच धरली, मग आपणच खाली घेतली, आणि आम्ही उरलेल्या पायऱ्या उतरून घरी आलो.